खेळाच्या संगणकाला प्रोसेसर केवढा हवा?

२०२३ सालच्या मे महिन्यातली गोष्ट आहे. बारावीची परीक्षा दिलेला माझा एक विद्यार्थी हातात एक कागद घेऊन घरी आला. ते एका दुकानातून आणलेले संगणकाच्या सुट्या भागांचे दरपत्रक होते. एकूण रक्कम ५०,००० रुपये. त्यांपैकी ४०,००० वडिलांनी बाजूला काढले होते आणि १०,००० त्याने स्वतः दोन सुट्ट्यांत लहान मुलांच्या शिकवण्या घेऊन जमवले होते. पुढची चार वर्षे अभियांत्रिकीचा अभ्यास याच संगणकावर व्हायचा होता. पण खरी हौस होती ती खेळांची, आणि ती त्याने माझ्यापासून लपवलीही नाही.

दरपत्रकात प्रोसेसर २४,००० रुपयांचा होता, ग्राफिक्स कार्ड ८,००० रुपयांचे आणि बाकीचे सारे भाग मिळून १८,००० रुपयांचे. पडदा घरात होताच.

"सर, दुकानदार म्हणाले, प्रोसेसर म्हणजे संगणकाचा मेंदू. तो दमदार घेतला की खेळ आपोआप पळतो. बरोबर आहे ना?"

"तुझा पडदा सेकंदाला किती चित्रे दाखवतो?" मी विचारले.

ते त्याला ठाऊक नव्हते. तुम्हांलाही ठाऊक नसेल तर आपण तिथूनच सुरुवात करू या.

एका चित्राला किती वेळ?

पडद्यावर धावणारी मोटार खरे म्हणजे धावत नसते. एकामागून एक स्थिर चित्रे इतक्या भराभर येतात की डोळ्यांना ती सलग हालचाल वाटते. सिनेमात सेकंदाला २४ चित्रे असतात. संगणकाचा साधा पडदा सेकंदाला ६० चित्रे दाखवू शकतो. म्हणजे एका चित्राच्या वाट्याला १००० भागिले ६०, अर्थात सुमारे १६.७ मिलिसेकंद येतात.

सिनेमाची चित्रे आधीच काढून ठेवलेली असतात. खेळाचे तसे नाही. पुढच्या क्षणी तुम्ही डावीकडे वळणार की उडी मारणार हे संगणकाला माहीत नसते. त्यामुळे प्रत्येक चित्र त्या त्या वेळी नव्याने तयार करावे लागते, आणि तेही १६.७ मिलिसेकंदांच्या आत. कधी उशीर झाला तर पडद्यावर जुनेच चित्र रेंगाळते. खेळणारा त्यालाच 'खेळ अडखळला' असे म्हणतो.

तेव्हा आपला प्रश्न असा मांडता येईल: हे चित्र १६.७ मिलिसेकंदांत तयार व्हायला प्रोसेसरवर किती पैसे खर्च करावेत?

लाटणारी आणि तळणारा

चित्र तयार करण्याचे काम दोघे मिळून करतात. आधी प्रोसेसर. तुम्ही कोणती कळ दाबली, चेंडू कोठे पोचला, प्रतिस्पर्धी कोणत्या दिशेला वळला, भिंत आडवी आली का, हे सारे तो ठरवतो. मग 'या जागी हे काढ, त्या जागी ते काढ' अशी यादी करून तो ती ग्राफिक्स कार्डाच्या हाती देतो. ग्राफिक्स कार्ड त्या यादीप्रमाणे पडद्यावरचा प्रत्येक ठिपका रंगवते.

लग्नघरातल्या पुऱ्या आठवा. एक बाई पुऱ्या लाटते, आचारी तळतो. बाई मिनिटाला ३० पुऱ्या लाटते आणि आचारी मिनिटाला २० तळतो. पंगतीत मिनिटाला किती पुऱ्या पोचतील? अर्थातच २०. आता लाटायला आणखी एक तितकीच चपळ बाई बसवली. मिनिटाला ६० पुऱ्या लाटून होऊ लागल्या. पंगतीत किती पोचतील? तरीही २०च! वाढायचे असेल तर दुसरी कढई चढवायला हवी.

संगणकातही असेच घडते. पहिले चित्र ग्राफिक्स कार्ड रंगवत असते तेव्हा प्रोसेसर दुसऱ्या चित्राची यादी करायला लागलेला असतो. म्हणून दोघांच्या वेळांची बेरीज करायची नाही. दोघांपैकी ज्याला जास्त वेळ लागतो त्याचाच वेळ धरायचा. समजा, प्रोसेसरला एका चित्रामागे १० मिलिसेकंद लागतात आणि ग्राफिक्स कार्डाला २०. मग सेकंदाला १००० भागिले २०, म्हणजे ५० चित्रे मिळतील. आता दुप्पट वेगाचा प्रोसेसर बसवला. त्याचा वेळ ५ मिलिसेकंदांवर आला. चित्रे किती? ५०च. वाढलेला सारा वेग वाट पाहण्यात गेला. पण जुना प्रोसेसर तसाच ठेवून दुप्पट वेगाचे कार्ड घेतले असते, तर चित्रे थेट १०० झाली असती.

माझ्या विद्यार्थ्याच्या दरपत्रकात लाटणाऱ्या बायका चार आणि कढई एकच, आणि तीही लहान, असा प्रकार होता.

यावरून कोणताही टाकाऊ प्रोसेसर चालेल असे मात्र समजू नका. लाटणारीच मंद असेल तर आचारी झारा हातात घेऊन बसून राहील. तेव्हा प्रोसेसर निवडायचा तो कढई रिकामी राहू न देण्याइतका. त्यासाठी प्रोसेसरचा वेग कशावर ठरतो, हे समजून घ्यायला हवे. खोक्यावर तीन आकडे असतात: गिगाहर्ट्झ, कोअर आणि कॅश. एकेक घेऊ.

गिगाहर्ट्झचा आकडा

प्रोसेसरमध्ये एक घड्याळ असते. त्याच्या प्रत्येक ठोक्याला काम एक पाऊल पुढे सरकते. ४ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला ४ अब्ज ठोके. १६.७ मिलिसेकंदांत, म्हणजे एका चित्राच्या वेळात, सुमारे ६ कोटी ६७ लाख ठोके पडतात. ठोके जास्त तर काम जास्त, हे वरवर पाहता बरोबर वाटते. पण एका ठोक्यात काम किती होते, हे त्यात धरलेलेच नाही. भराभर पण लहान पावले टाकणारा मुलगा लांब ढांगा टाकणाऱ्या माणसाच्या मागेच राहतो.

याचे प्रसिद्ध उदाहरण इंटेल कंपनीच्या पेंटियम ४ चे आहे. २००० साली हा प्रोसेसर १.४ व १.५ गिगाहर्ट्झला बाजारात आला आणि २००४ पर्यंत ३.८ गिगाहर्ट्झवर पोचला. ठोके वाढावेत म्हणून त्यात प्रत्येक कामाचे बारीक बारीक तुकडे पाडलेले होते. २००४ च्या आवृत्तीत अशा ३१ पायऱ्या होत्या. आता खेळाचा कार्यक्रम 'जर-तर'ने भरलेला असतो. शत्रू समोर असेल तर हे कर, नसेल तर ते कर. उत्तर येईपर्यंत थांबायला नको म्हणून प्रोसेसर अंदाजाने पुढचे काम सुरू करतो. अंदाज चुकला की पायऱ्यांवर चढवलेले सगळे काम फेकून द्यावे लागते. पायऱ्या जितक्या जास्त, तितके नुकसान मोठे.

त्याच कंपनीने २००६ साली कोअर २ ड्युओ हा नव्या रचनेचा प्रोसेसर आणला. त्यातला एक स्वस्त नमुना केवळ १.८६ गिगाहर्ट्झचा होता. तरीही खेळांत त्याने ३ गिगाहर्ट्झच्या वरच्या जुन्या प्रोसेसरांना मागे टाकले. आकडा अर्ध्याच्या आसपास, आणि काम जास्त!

म्हणून गिगाहर्ट्झची तुलना करायची ती एकाच पिढीच्या, एकाच रचनेच्या प्रोसेसरांत. दहा वर्षांपूर्वीच्या ४ गिगाहर्ट्झची आजच्या ४ गिगाहर्ट्झशी तुलना करणे म्हणजे केवळ पावले मोजणे होय.

शेवटचा थोडा वेग महाग का पडतो?

इथे आपले भौतिकशास्त्र उपयोगी पडते. प्रोसेसरमध्ये अब्जावधी ट्रान्झिस्टर असतात. ते उघडझाप करतात तेव्हा अतिशय लहान कपॅसिटर भरल्यासारखे व रिकामे केल्यासारखे होते. कपॅसिटरमध्ये साठणारी ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते, हे तुम्ही बारावीत शिकता. ही उघडझाप सेकंदाला जितक्या वेळा होईल तितकी शक्ती जास्त खर्च होणार. म्हणजे उघडझापीत खर्च होणारी शक्ती व्होल्टेजचा वर्ग गुणिले वारंवारता, या प्रमाणात वाढते.

आता गंमत अशी की ठोके वाढवायचे तर ट्रान्झिस्टरला भराभर उघडझाप करता यावी म्हणून बहुधा व्होल्टेजही वाढवावे लागते. समजा, ठोके २० टक्के वाढवले आणि त्यासाठी व्होल्टेजही २० टक्के वाढवावे लागले. मग शक्ती १.२ × १.२ × १.२ म्हणजे सुमारे १.७३ पट होईल. वेग २० टक्के वाढला आणि उष्णता ७३ टक्के! ती घालवायला मोठा पंखा हवा, जास्त शक्तीचा वीजपुरवठा हवा, चांगला मदरबोर्ड हवा. महाग प्रोसेसर एकटा येत नाही, आपल्याबरोबर बराच खर्च घेऊन येतो. उलट ६५ वॅट दर्जाचे कित्येक मध्यम प्रोसेसर खोक्यात मिळणाऱ्या साध्या पंख्यावर निभावतात.

कोअर किती?

उष्णतेच्या या भिंतीपाशी आल्यावर कंपन्यांनी दुसरी वाट धरली. एकाच प्रोसेसरमध्ये काम करणारे अनेक गाभे बसवायला सुरुवात झाली. यालाच कोअर म्हणतात. मग १६ कोअर म्हणजे ४ कोअरच्या चौपट वेग का? नाही. १९६७ साली जीन अ‍ॅम्डाल या संगणकतज्ज्ञाने याचे साधे कारण दाखवून दिले. कामाचा काही भाग वाटून देता येतो, काही येत नाही. चेंडू भिंतीवर आपटला की नाही हे समजल्याशिवाय तो कोठे गेला, हे दुसऱ्या कोअरला काढता येत नाही.

समजा, एका चित्रामागे प्रोसेसरचे काम १२ मिलिसेकंदांचे आहे. त्यांतले ६ मिलिसेकंदांचे वाटून देता येत नाही आणि ६ मिलिसेकंदांचे देता येते. मग हिशेब असा होतो:

१ कोअर: ६ + ६ = १२ मिलिसेकंद
२ कोअर: ६ + ३ = ९ मिलिसेकंद
४ कोअर: ६ + १.५ = ७.५ मिलिसेकंद
६ कोअर: ६ + १ = ७ मिलिसेकंद
८ कोअर: ६ + ०.७५ = ६.७५ मिलिसेकंद
१६ कोअर: ६ + ०.३७५ = ६.३७५ मिलिसेकंद

एकावरून चारावर जाताना साडेचार मिलिसेकंद वाचले. आठावरून सोळावर जाताना अर्धासुद्धा वाचला नाही, पण किंमत मात्र भरमसाट वाढली. प्रत्येक खेळात हे आकडे वेगळे असतील, पण घसरण याच प्रकारची असते.

मग निदान किती हवेत? नोव्हेंबर २०२० मध्ये आलेल्या प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स या खेळयंत्रांत ८ कोअरचे प्रोसेसर आहेत. मोठे खेळ लिहिणारे या यंत्रांचा विचार करूनच लिहितात. त्यामुळे ४ कोअरचा प्रोसेसर जुन्या व हलक्या खेळांना पुरतो, पण अलीकडच्या जड खेळांत सरासरी ठीक दिसली तरी अधूनमधून अडखळतो. कमी खर्चात संगणक जुळवणाऱ्याने ६ कोअर आणि त्यांवर चालणारे १२ धागे धरावेत. धागे म्हणजे एकाच कोअरने एका वेळी हाती घेतलेली दोन कामे. एक काम स्मृतीची वाट पाहत थांबले की कोअर दुसरे पुढे रेटतो.

चुलीजवळचा मसाल्याचा डबा

'स्मृतीची वाट पाहत' असे मी आता म्हणालो. ही वाट केवढी लांब असते, हे पाहिलेत तर तुम्ही थक्क व्हाल. ४ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचा एक ठोका ०.२५ नॅनोसेकंदांचा असतो. एवढ्या वेळात प्रकाशसुद्धा फक्त साडेसात सेंटिमीटर जातो. मुख्य स्मृतीतून, म्हणजे रॅममधून, एखादी संख्या मागवली तर ती हाती पडायला साधारण ७५ नॅनोसेकंद लागतात. म्हणजे ३०० ठोके! तीनशे ठोके कोअरने करायचे काय?

स्वयंपाक करताना चिमूटभर मोहरीसाठी कोणी दर वेळी वाण्याकडे जात नाही. नेहमी लागणारे जिन्नस चुलीजवळच्या मसाल्याच्या डब्यात असतात. प्रोसेसरमधला असा डबा म्हणजे कॅश. ही लहान, महाग पण अतिशय चपळ स्मृती प्रोसेसरच्या आतच असते. डबा मोठा असेल तर वाण्याकडच्या खेपा कमी होतात. खेळात शेकडो वस्तूंची माहिती पुन्हा पुन्हा लागते, म्हणून खेळाला कॅशचा फार उपयोग होतो.

१९९८ सालची एक हकिकत सांगतो. स्वस्त प्रोसेसर हवा म्हणून इंटेलने त्या वर्षी एप्रिलमध्ये सेलेरॉन काढला. किंमत उतरवण्यासाठी त्यातली दुसऱ्या पातळीची कॅश पूर्णपणे काढून टाकली होती. परिणाम असा की नेहमीच्या कामांत तो मंद ठरला आणि त्याच्यावर टीका झाली. मग ऑगस्टमध्ये सेलेरॉन ३००ए आला. ठोके ३०० मेगाहर्ट्झ, किंमत १४९ डॉलर, आणि १२८ किलोबाइट कॅश थेट प्रोसेसरच्याच चकतीवर, प्रोसेसरच्याच वेगाने चालणारी. त्याच सुमारास आलेल्या ४५० मेगाहर्ट्झच्या पेंटियम २ ची किंमत होती ६६९ डॉलर. त्याची कॅश ५१२ किलोबाइट, पण ती वेगळ्या चकत्यांवर आणि निम्म्या वेगाने चालणारी. डबा मोठा, पण दूरच्या फळीवर!

सेलेरॉनचे ठोके ६६ मेगाहर्ट्झच्या मूळ ठोक्याला साडेचारने गुणून मिळत. कित्येक हौशी लोकांनी मूळ ठोका १०० मेगाहर्ट्झचा केला. साडेचार गुणिले शंभर म्हणजे ४५०. अनेक नमुन्यांना तो वेग पेलला आणि खेळांत हा स्वस्त प्रोसेसर चौपटीहून महाग भावंडाच्या बरोबरीने धावला. अर्थात असा वेग पेलण्याची हमी कंपनीने कधीच दिलेली नव्हती.

अलीकडचे उदाहरण घ्या. एप्रिल २०२२ मध्ये एएमडी कंपनीने रायझन ७ ५८००एक्स३डी आणला. त्याचे कमाल ठोके ४.५ गिगाहर्ट्झ, तर त्याच्या आधीच्या ५८००एक्सचे ४.७. कोअर दोघांचेही ८. पण नव्यात कॅशचा एक थर दुसऱ्यावर रचून ती ३२ वरून ९६ मेगाबाइट केली होती. ठोके कमी असूनही बहुतेक खेळांत नवाच पुढे राहिला.

स्वस्त प्रोसेसर निवडतानाही हे लक्षात ठेवा. त्याच महिन्यात रायझन ५ ५५०० आणि रायझन ५ ५६०० असे दोन प्रोसेसर आले. दोघांतही ६ कोअर व १२ धागे. पायाभूत ठोके ५५०० चेच किंचित जास्त, ३.६ विरुद्ध ३.५ गिगाहर्ट्झ. कमाल ठोक्यांत ५६०० थोडा पुढे. पण ५५०० ची कॅश १६ मेगाबाइट आणि ५६०० ची ३२. आरंभीच्या किमती १५९ आणि १९९ डॉलर. खेळांत ५६०० जो पुढे राहतो त्याचे मोठे कारण हा दुप्पट डबा.

मी स्वतः विद्यार्थिदशेत, २००२ साली, केवळ गिगाहर्ट्झचा मोठा आकडा पाहून संगणक घेतला होता. मित्राच्या संगणकाचा आकडा लहान, पण तोच खेळ त्याच्याकडे सरळ धावे आणि माझ्याकडे अडखळे. माझ्या प्रोसेसरमध्ये कॅश अगदीच थोडी होती. 'कॅश' म्हणजे काय, हे मी विचारलेच नव्हते.

स्वस्त प्रोसेसर येतो कुठून?

स्वस्त म्हणजे खराब, अशी शंका तुमच्या मनात येईल. कोकणातला बागायतदार एकाच झाडाच्या आंब्यांची प्रतवारी करतो. मोठे, बिनडागी वेगळे आणि लहान वेगळे. दोन्हींची चव तीच, पेटीचा भाव मात्र वेगळा. प्रोसेसरचेही असेच आहे. ३०० मिलिमीटर व्यासाच्या सिलिकॉनच्या तबकडीवर एका वेळी शेकडो प्रोसेसर कोरले जातात. धुळीचा एखादा कणही एखादा कोअर निकामी करू शकतो. मग तेवढा कोअर बंद करून उरलेला भाग विकतात. रायझन ५ ५६०० च्या चकतीवर मुळात ८ कोअर असतात, त्यांतले ६ चालू ठेवलेले असतात. चालू असलेले सहा मात्र पूर्ण तपासलेले असतात. कधी कधी मागणी भागवण्यासाठी निर्दोष चकत्याही खालच्या प्रतीत घालतात.

नावापुढची अक्षरेही वाचा. इंटेलच्या कोअर आय३-१२१००एफ किंवा कोअर आय५-१२४००एफ या नावांतला 'एफ' सांगतो की आतला चित्र काढणारा भाग बंद आहे. वेगळे ग्राफिक्स कार्ड घेणार असाल तर त्याने काही बिघडत नाही आणि थोडे पैसे वाचतात. कार्ड घेणार नसाल तर मात्र पडदा काळाच राहील! उलट रायझन ५ ५६००जी यातला 'जी' सांगतो की चित्र काढणारा भाग आत आहे. कार्डासाठी पैसे जमेपर्यंत हलके खेळ त्यावर चालतात. अशा वेळी रॅमच्या दोन पट्ट्या घालाव्यात, कारण आतला भाग रॅममधूनच काम करतो आणि दोन पट्ट्यांमुळे माहितीला दोन वाटा मिळतात.

करून पाहा

तुमच्या किंवा मित्राच्या संगणकात अडचण लाटणाऱ्याची आहे की तळणाऱ्याची, हे ओळखण्याचा बिनखर्चाचा प्रयोग आहे. प्रोसेसर काढत असलेली यादी चित्राच्या आकारावर फारशी अवलंबून नसते. चेंडू कोठे आहे, हे कागद लहान असो की मोठा, तेवढ्याच हिशेबाने ठरते. रंगवण्याचे काम मात्र ठिपक्यांच्या संख्येबरोबर वाढते.

खेळात सेकंदाला किती चित्रे निघतात, हे दाखवण्याची सोय सुरू करा. चित्रांची संख्या पडद्याशी बांधून ठेवणारी सोय बंद करा. खेळातली एकच जागा निवडा, तिथे उभे राहून आकडा लिहून घ्या. मग चित्राचा आकार कमी करत जा आणि दर वेळी त्याच जागी आकडा लिहा.

माझ्या विद्यार्थ्याला मी हाच प्रयोग त्याच्या मित्राकडे करायला पाठवले. मित्राचा प्रोसेसर साधा, ४ कोअरचा होता. दुसऱ्या दिवशी त्याने हे आकडे आणले:

१९२० × १०८० ठिपके: सेकंदाला ४६ चित्रे
१२८० × ७२० ठिपके: ८८ चित्रे
८०० × ६०० ठिपके: ९४ चित्रे
६४० × ४८० ठिपके: ९५ चित्रे

ठिपके कमी केल्यावर आधी चित्रे झपाट्याने वाढली. म्हणजे मोठ्या चित्राला कार्ड अपुरे पडत होते. पुढे ठिपके कितीही कमी केले तरी आकडा ९५ च्या आसपास अडला. ही प्रोसेसरची मर्यादा. तो साधा प्रोसेसर सेकंदाला ९५ याद्या करत होता, आणि पूर्ण पडद्यावर त्यांतल्या जेमतेम निम्म्याच उपयोगी पडत होत्या.

कागदावरचे आकडे तो बराच वेळ पाहत बसला. मग म्हणाला, "सर, म्हणजे चोवीस हजारांचा प्रोसेसर घेतला असता तरी शेहेचाळीसच राहिले असते!"

"त्या कार्डाबरोबर, हो."

निवडीचा क्रम

तेव्हा संगणक जुळवताना पुढच्या क्रमाने जा. आधी पडदा आणि खेळ ठरवा. सेकंदाला ६० चित्रांचा पडदा असेल तर १५० याद्या करणाऱ्या प्रोसेसरचा उपयोग नाही. पण १४४ चित्रांच्या पडद्यावर चुरशीचे, हलक्या चित्रांचे खेळ खेळायचे असतील, किंवा शहरे वसवण्याचे आणि मोठी सैन्ये हलवण्याचे खेळ आवडत असतील, तर तिथे लाटणाऱ्यावरच भार पडतो. प्रोसेसरला थोडे जास्त पैसे द्या. त्यानंतर कार्ड ठरवा आणि शेवटी त्या कार्डाला पुरेल असा प्रोसेसर. तो घेताना पिढी, कोअर, कॅश आणि मग गिगाहर्ट्झ, या क्रमाने पाहा. आणि ज्या खेळासाठी संगणक घ्यायचा त्याच खेळातली मोजमापे पाहा, खोक्यावरची जाहिरात नव्हे.

माझ्या विद्यार्थ्याने दरपत्रक बदलून आणले. ६ कोअरचा, ३२ मेगाबाइट कॅशचा प्रोसेसर ११,००० रुपयांचा, ग्राफिक्स कार्ड १९,००० रुपयांचे. उरलेल्या २,००० रुपयांत रॅमची दुसरी पट्टी. बाकीचे भाग तेच, १८,००० रुपयांचे. बेरीज पुन्हा ५०,०००च. वडिलांना त्याने पुऱ्यांचा हिशेब समजावून सांगितला, तेव्हा ते म्हणाले म्हणे, "हे दुकानात जाण्याआधी का नाही विचारलंस?"

आता तुमच्यासाठी दोन उदाहरणे.

१. एका संगणकात प्रोसेसरला एका चित्रामागे ८ मिलिसेकंद लागतात आणि कार्डाला १२.५. सेकंदाला किती चित्रे मिळतील? कार्ड बदलून त्याचा वेळ ५ मिलिसेकंदांवर आणला तर किती? त्यापुढे आणखी चांगले कार्ड घेण्यात अर्थ आहे का?

२. वरच्या प्रयोगात ठिपके २.२५ पट कमी झाले, पण चित्रे ४६ वरून ८८ झाली, म्हणजे १.९ पटच वाढली. असे का झाले असावे? प्रत्येक चित्राला लागलेला वेळ मिलिसेकंदांत काढून विचार करा. चित्र लहान केले तरी कार्डाचे कोणते काम कमी होत नसेल?